पावसाआधी आपला महामार्ग आपणच तपासू या

पनवेलपासून पत्रादेवीपर्यंत मुंबई-गोवा महामार्गालगत राहणाऱ्या गावकऱ्यांनो, आणि मे महिन्यात घरी आलेल्या चाकरमान्यांनो,

आंबा उतरला, घर शाकारून झाले, लाकूडफाटा पडवीत आला की पावसाची तयारी पुरी झाली, असे आपल्याकडे धरतात. यंदा या तयारीत एक काम वाढवा. पहिला पाऊस पडण्याआधी प्रत्येक गावाने आपल्या हद्दीतला महामार्ग पायी फिरून तपासावा. जे अपुरे, धोक्याचे किंवा चुकीचे दिसेल त्याची लेखी यादी करावी. ती ग्रामसभेत ठराव करून मंजूर करावी आणि ज्या कार्यालयाची जबाबदारी आहे तिथे देऊन पोच घ्यावी.

घाई दोन कारणांनी आहे. एक तर पाऊस थांबत नाही. जूनमध्ये दरड आली, मोरी तुंबली, भराव खचला की मग सगळेच धावतात, पण तेव्हा फक्त चिखल उपसता येतो. दुसरे कारण कमी लोकांना ठाऊक आहे आणि ते अधिक महत्त्वाचे आहे. महामार्गाचा एकेक तुकडा पूर्ण म्हणून जाहीर होत आहे. अशा कंत्राटांत साधारण पद्धत अशी असते की, काम बहुतांशी झाले आणि रस्ता वाहतुकीला योग्य ठरला की ठेकेदाराला पूर्णत्वाचा तात्पुरता दाखला मिळतो. त्याला उरलेल्या कामांची एक यादी जोडलेली असते. त्या यादीत जे लिहिलेले असते ते ठेकेदाराला ठरलेल्या मुदतीत करावे लागते. त्यापुढे दोषदायित्वाचा काळ सुरू होतो. या काळात कामातला दोष दिसला तर दुरुस्ती त्याने स्वतःच्या खर्चाने करायची असते. तोही काळ सरला की तुमच्या वाडीच्या मोरीसाठी नवा प्रस्ताव, नवे अंदाजपत्रक, नवा निधी आणि नवी वाट पाहणे.

थोडक्यात, आपल्या अडचणी सरकारी खर्चाच्या रांगेत नव्याने उभ्या करायच्या, की आजच ठेकेदाराच्या यादीत घालायच्या, हे ठरवण्याची वेळ आता आहे. कागद एकदा बंद झाला की आपले म्हणणे खरे असूनही उशिराचे ठरेल.

हा रस्ता कुणाकुणाचा आहे

नकाशावर तो मुंबई आणि गोवा जोडतो. पूर्वी त्याला १७ क्रमांक होता, आता ६६ आहे, आणि तो पुढे कर्नाटक, केरळ ओलांडून थेट कन्याकुमारीला जातो. पण आपल्या जगण्यात तो जोडतो ती ठिकाणे या नावांत मावत नाहीत.

वडखळला अलिबागचा फाटा, कोलाडला रोह्याचा. माणगावला एका अंगाने ताम्हिणीतून पुणे, दुसऱ्या अंगाने श्रीवर्धन. महाडहून वरंध घाटाने भोर, पोलादपूरहून आंबेनळीने महाबळेश्वर. खेडला दापोली, चिपळूणला गुहागर आणि कुंभार्लीतून कराड. हातखंब्याला खाली रत्नागिरी, वर आंबा घाटातून कोल्हापूर. पुढे अणुस्कुरा, करूळ, फोंडा आणि आंबोली हे घाटरस्ते आहेतच. तळेऱ्याला विजयदुर्ग, नांदगावला देवगड, कसालला मालवण, कुडाळला वेंगुर्ले. सह्याद्री उतरून येणारा जवळजवळ प्रत्येक घाटरस्ता आणि बंदराकडे जाणारा प्रत्येक मोठा रस्ता या एका महामार्गाला येऊन मिळतो.

म्हणून हे आवाहन फक्त रस्त्याला घर लागून असलेल्यांना नाही. फाट्यापासून आत वीस किलोमीटरवर राहणाऱ्या माणसाचाही दिवस या रस्त्यावर ठरतो. देवगड-रत्नागिरीच्या हापूसची गाडी रात्रभर याच रस्त्याने चालते आणि वाशीच्या बाजारात वेळेवर लागली तरच पेटीला भाव मिळतो. हर्णै आणि मिरकरवाड्याची मासळी बर्फ वितळायच्या आत याच रस्त्याला लागते. घाटावरचा भाजीपाला आणि दूध खाली येते ते घाट उतरून याच रस्त्यावर. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीला जाणारा कामगार, लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात शिकणारी मुलगी, तालुक्याच्या न्यायालयात तारखेला निघालेला म्हातारा शेतकरी, सगळे एकाच डांबरावर किंवा काँक्रीटवर असतात.

आजारपणात तर या रस्त्याशिवाय गतीच नाही. अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये झाली, ही चांगली गोष्ट आहे. तरीही डोक्याला मार लागलेला किंवा हृदयविकाराचा रुग्ण अनेकदा पुढे पाठवला जातो. उत्तर कोकणातला मुंबईला, मधल्या पट्ट्यातला घाट चढून कोल्हापूर-कराडला, आणि कुडाळ, सावंतवाडी, दोडामार्गकडचा गोव्यात बांबोळीला. राज्याची सीमा रुग्णवाहिकेला अडवत नाही. तिला अडवतो तो अर्धवट पूल, एकेरी वळवलेली वाहतूक आणि रात्रीच्या अंधारात न दिसणारा खड्डा.

कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि तिने मुंबई जवळ आणली, यात शंका नाही. पण स्थानकापासून वाडीपर्यंतचा प्रवास रस्त्यानेच होतो. शिवाय जुलै २०२१ च्या पुरात रेल्वेही थांबली, हे आपण पाहिले आहे.

रस्ता तुटतो तेव्हा

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला. राजापूर-बोरिवली आणि जयगड-मुंबई या दोन एसटी बस आणि काही खासगी वाहने नदीत गेली. चाळीसच्या आसपास माणसे गेली, काहींचे मृतदेह दूर खाडीत सापडले, काही सापडलेच नाहीत. तिथे नवा पूल अवघ्या १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये वाहतुकीला खुला झाला. या घटनेतून दोन गोष्टी कळतात. जुन्या बांधकामाकडे वेळेवर लक्ष गेले नाही तर काय होते ते, आणि मनात आणले तर किती लवकर काम होऊ शकते ते. दुसरी गोष्ट आपण ठणकावून सांगायला हवी. महामार्गाचे चौपदरीकरण पनवेल-इंदापूर टप्प्यावर २०११ च्या अखेरीस सुरू झाले. त्यानंतर किती मुदती आल्या आणि गेल्या, उच्च न्यायालयात किती वेळा हमी द्यावी लागली, हे कोकणातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. ज्या महामार्गावर एक पूल १६५ दिवसांत झाला त्याच महामार्गावर एकेका उड्डाणपुलाचे खांब वर्षानुवर्षे गज उघडे टाकून उभे राहिले.

२२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेले. वाशिष्ठीवरच्या जुन्या पुलाचा भाग खचला आणि महामार्ग तिथे तुटला. त्याच पाण्याने कोकण रेल्वेही थांबवली. आंबेनळी घाट दरडींनी बंद पडला. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळीये गावावर डोंगर कोसळला, ऐंशीहून अधिक माणसे दगावली, आणि महाडला पुराचा वेढा पडलेला असल्याने मदत पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. रस्ता, रेल्वे आणि घाट एकाच वेळी बंद होऊ शकतात, हे त्या दिवशी कळले. अशा वेळी कोकणातल्या एकेका गावाचे बेट होते.

एवढे मोठे संकट लागतेच असेही नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये लांजा तालुक्यात आंजणारीच्या पुलावरून वायूचा एक टँकर काजळी नदीत कोसळला. स्फोटाच्या भीतीने वाहतूक एका दिवसाहून अधिक काळ थांबवावी लागली. एका टँकरने दोन जिल्ह्यांमधले येणे-जाणे अडवले. त्याआधी मार्च २०१३ मध्ये खेडजवळ जगबुडीच्या अरुंद पुलावरून खासगी बस कोसळून ३७ जण गेले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावर बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचा भाग आणि वरची यंत्रणा खाली आली. त्या वेळी जीवितहानी झाली नाही, हे नशीब. पण दर वेळी नशिबावर विसंबून राहता येत नाही.

जोडणारा रस्ता गाव तोडतो तेव्हा

चौपदरी रस्त्याने झालेले भले कुणी नाकारत नाही. कशेडीच्या बोगद्याने जुन्या घाटाची वळणे चुकली. सिंधुदुर्गातला टप्पा झाल्यावर कणकवली-कुडाळचा प्रवास सुखाचा झाला. पण लांबून येणाऱ्या मोटारीला जे सुखाचे असते ते शेजारच्या वाडीला नेहमीच सुखाचे असते असे नाही.

पूर्वीच्या रस्त्याच्या एका बाजूला घर आणि दुसऱ्या बाजूला शेत होते. गुरे सकाळी पलीकडे जात, संध्याकाळी परत येत. शाळा पलीकडे, देऊळ अलीकडे. आता मधे दुभाजक आला, दोन्ही बाजूंना वेग आला, काही ठिकाणी दहा-पंधरा फुटांचा भराव आला. भुयारी मार्ग दिला असेल तर तो पावसाळ्यात गुडघाभर पाण्याने भरतो. दिला नसेल तर पोरे दुभाजकावरून उडी मारतात आणि दुचाकीवाले उलट्या दिशेने येतात. सेवा रस्ता कुठे अर्ध्यावर संपतो, कुठे सुरूच झालेला नाही. एसटीचा थांबा होता तिथून दूर गेला, निवारा पाडला तो परत बांधलाच नाही, आणि मायबाया भर पावसात महामार्गाच्या कडेला छत्री धरून उभ्या राहतात. सावली देणारे वड, पिंपळ, आंबे तोडले गेले. त्यांच्या जागी लावायची झाडे किती लागली आणि किती जगली, हे मोजायला हवे.

पाण्याचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. कोकणातला पाऊस म्हणजे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटर आणि त्याहून जास्त. डोंगरावरून उतरणारे हे पाणी पऱ्याने, व्हाळाने, शेताच्या बांधाबांधाने वाहत नदीला जात होते. मधे भराव आला की ते जिथे मोरी असेल तिथेच उतरते. मोरी लहान पडली, चुकीच्या जागी पडली किंवा बांधकामाचा राडारोडा तिच्या तोंडाशी राहिला तर वरच्या बाजूला तळे होते आणि खालच्या बाजूला एकाच शेतात सगळे पाणी घुसते. कुणाचे खाचर वाहून जाते, कुणाच्या विहिरीत लाल पाणी येते, कुणाच्या मागच्या पडवीत. डोंगर उभा कापला असेल तिथे माथ्यावरून येणारे पाणी वळवणारा चर नसेल तर दरड येते. परशुराम घाटात हे आपण पावसाळ्यामागून पावसाळे पाहिले, तिथे रस्ता बंद ठेवावा लागला, खालच्या वस्तीला घरे सोडावी लागली. जांभा आणि माती पाणी प्याली की तिला धरून ठेवणे कुणाच्या हातात राहत नाही. म्हणून पाण्याला आधीच वाट द्यावी लागते.

ते पाणी कुठून येते आणि कुठे जाते हे कुठल्याही सल्लागारापेक्षा गावातल्या म्हाताऱ्या माणसाला जास्त ठाऊक असते. त्याचे ज्ञान अजून कागदावर आलेले नाही.

काय करायचे

१. फेरीला कोण जाईल ते आधी ठरवा. सरपंच आणि ग्रामपंचायत सदस्य असतीलच. त्यांच्याबरोबर रोज थांब्यावर उभी राहणारी एक बाई, एक रिक्षावाला, असेल तर निवृत्त एसटी चालक, आणि ज्याच्या शेतात महामार्गाचे पाणी घुसते तो शेतकरी घ्या. रस्त्याची अडचण प्रत्येकाला वेगळी दिसते. सकाळी लवकर निघा, भडक रंगाचे कपडे घाला, कडेने चाला, पुढे-मागे लाल झेंडी घेतलेला माणूस ठेवा. रस्ता ओलांडून शाळेत जाणाऱ्या मुलांना महामार्गावर न नेता त्यांचे म्हणणे शाळेतच लिहून घ्या.

२. काय पाहायचे ते वाटून घ्या. एकाने मोऱ्या आणि गटारे पाहावीत: तोंड मोकळे आहे का, पाणी पुढे कुठे सोडले आहे. दुसऱ्याने कापलेले डोंगर आणि भराव पाहावेत: भेगा, सुटे दगड, खचलेली कडा, फुगलेली संरक्षक भिंत. तिसऱ्याने ओलांडण्याच्या जागा, सेवा रस्ते, भुयारी मार्ग, दुभाजकातले अनधिकृत कट. चौथ्याने थांबे, दिवे, फलक, कठडे आणि वळवलेल्या वाहतुकीच्या जागा. रात्री एकदा पुन्हा त्याच जागांवरून गाडीने जा. दिवसा निरुपद्रवी वाटणारे वळण रात्री जीवघेणे असते.

३. नोंद नेमकी करा. "आमच्या गावचा रस्ता खराब आहे" एवढ्याने कोणाला काही करावे लागत नाही. "अमुक किलोमीटर दगडापासून गोव्याकडे अंदाजे दोनशे मीटरवर डाव्या बाजूची मोरी मातीने बुजली आहे, खाली तीन शेतकऱ्यांची खाचरे आहेत" असे लिहिले तर उत्तर द्यावे लागते. प्रत्येक नोंदीला फोटो जोडा, फोटोवर तारीख आणि जागा येऊ द्या. पहिला मोठा पाऊस पडला की त्याच जागांचे पुन्हा फोटो काढा. आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवला की वाद संपतो.

४. ग्रामसभेचा ठराव करा. १ मेची ग्रामसभा होऊन गेली असेल तर सरपंचांना विशेष ग्रामसभा बोलवायला सांगा. पाच माणसांच्या सह्यांचा अर्ज आणि ग्रामसभेचा ठराव यांचे वजन सारखे नसते. यादीत तीन भाग करा: पावसाआधी करायचे, पावसात लक्ष ठेवायचे, आणि पूर्णत्वाच्या यादीत घालायचे. आपल्या गावाच्या दोन्ही बाजूंची शेजारची गावे बरोबर घ्या, कारण पाणी आणि वाहतूक शिवेवर थांबत नाहीत.

५. योग्य दारात जा. पनवेलपासून माणगाव तालुक्यातल्या इंदापूरपर्यंतचा ८४ किलोमीटरचा टप्पा भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आहे. इंदापूरपासून झारापपर्यंतची कामे राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाने दहा टप्प्यांत दिली आहेत. आपले गाव कोणत्या टप्प्यात येते, आणि झारापच्या पुढे असेल तर तिथला रस्ता कोणत्या कार्यालयाकडे आहे, ते ग्रामपंचायतीने आधी शोधून काढावे. मूळ ठराव त्या कार्यालयाला, प्रती तहसीलदार, जिल्हाधिकारी आणि पोलिस ठाण्याला द्या. दरडीचा किंवा पुराचा धोका असेल तर तहसीलदारांकडे वेगळा अर्ज द्या, आपत्ती व्यवस्थापन त्यांच्या अखत्यारीत येते. पोच घेतल्याशिवाय घरी येऊ नका.

६. माहिती मागा. माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. विचारायच्या चार गोष्टी: आमच्या हद्दीतल्या मंजूर आराखड्यात मोऱ्या, भुयारी मार्ग, सेवा रस्ते आणि थांबे कुठे कुठे आहेत, पूर्णत्वाचा दाखला दिला आहे का, दिला असेल तर उरलेल्या कामांची यादी काय, आणि दोषदायित्वाचा काळ कोणत्या तारखेला संपतो. शेवटची तारीख मिळाली की ती ग्रामपंचायतीच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहा.

चाकरमान्यांना वेगळी विनंती

तुम्ही मे महिन्यात येता आणि पुन्हा गणपतीला येता. मधल्या काळात रस्त्याची आठवण फक्त समाजमाध्यमांवरच्या विनोदांत उरते. गणपतीच्या आठवड्यात खड्ड्यांचे फोटो सगळीकडे फिरतात, मंत्री पाहणी दौरे काढतात, रातोरात खडी पडते, आणि अनंत चतुर्दशीनंतर विषय संपतो. हे दुष्टचक्र मोडायचे असेल तर तुमची शक्ती आता लागायला हवी. तुमच्यात अभियंते आहेत, वकील आहेत, मंत्रालयात काम करणारे आहेत, मराठीत नेमके पत्र लिहिणारे आहेत. मुंबईतल्या तुमच्या गाव मंडळाने एका माणसावर या पत्रव्यवहाराची जबाबदारी टाकावी. गावाने पाहावे आणि लिहावे, मुंबईकराने पाठपुरावा करावा, अशी वाटणी करा.

आणखी एक नाजूक गोष्ट बोलायला हवी. काही ठिकाणी काम अडले ते मोबदल्याच्या वादांमुळे. कोकणातला सातबारा म्हणजे एका गुंठ्याला वीस नावे. पणजोबांचे नाव अजून वर, वारस मुंबई, सुरत, बडोद्यापर्यंत पसरलेले, एखादी आत्या कुठे असते ते कुणाला ठाऊक नाही, कुळाचे आणि मालकाचे पिढ्यांचे भांडण. जमीन गेली, पैसा प्रांत कार्यालयात किंवा न्यायालयात पडून राहिला, आणि जागेचा ताबा देण्या-घेण्यात वर्षे गेली. ज्यांना मोबदला अपुरा वाटतो त्यांनी कायद्याने दाद मागायलाच हवी, तो त्यांचा हक्क आहे. पण ज्यांचे अडले आहे ते केवळ वारस नोंदीसाठी, त्यांनी या सुट्टीत भाऊबंद एकत्र बसवून तो विषय तडीला न्यावा. तलाठ्याकडे वारसाचा अर्ज द्या, फेरफार करून घ्या, संमतीपत्रे करा. घरच्या भांडणापायी गावाचा भुयारी मार्ग अडू देऊ नका.

अपघात झाला तर

महामार्गावर अपघात झाला की सर्वांत आधी तिथे पोहोचतात ते लगतच्या गावातले लोक. सावित्रीवर, जगबुडीवर, प्रत्येक वेळी हेच झाले. पण अजूनही पुष्कळ लोक पोलिसांच्या चौकशीच्या आणि न्यायालयाच्या फेऱ्यांच्या भीतीने हात लावायला कचरतात. ही भीती आता सोडून द्या. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४अ हे कलम आले आहे. जखमीला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. तुमची इच्छा नसेल तर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती कुणी करू शकत नाही.

प्रत्येक गावाने या पावसाआधी दहा-बारा तरुणांची नावे ठरवून ठेवावीत. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२, राष्ट्रीय महामार्गाच्या मदतीसाठी १०३३, हे क्रमांक थांब्यावर आणि दुकानांवर लावा. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना एका दुपारी बोलवा आणि रक्तस्राव कसा थांबवायचा, मान दुखावलेल्या माणसाला कसे हलवायचे नाही, एवढे शिकून घ्या. वायूचा टँकर उलटला असेल तर जवळ जाऊ नका, विडी-सिगारेट आणि चूल बंद करा, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने माणसे हलवा. आणि उलटलेल्या ट्रकमधला माल उचलायला कुणी धावत असेल तर त्याला तिथेच अडवा.

आपल्याकडूनही

सरकारकडे मागताना आपलेही हात स्वच्छ असायला हवेत. सेवा रस्त्यावर टपरी आणि गाड्या उभ्या करून त्याचे गोदाम झाले असेल तर ते गावानेच मोकळे करावे. लांबचा फेरा वाचवण्यासाठी दुभाजक फोडून केलेला कट हा गावाचा शत्रू आहे, तो बुजवायला आपणच सांगावे आणि त्याबदल्यात योग्य जागी सुरक्षित मार्ग मागावा. गुरे रात्री महामार्गावर बसू देऊ नका, काँक्रीट उबदार असते म्हणून ती तिथे जातात आणि दुचाकीवरच्या पोरांचा जीव जातो. प्लास्टिक आणि नारळाच्या झावळ्या गटारात टाकल्या तर मोरी तुंबल्याचा दोष ठेकेदारावर ढकलता येणार नाही.

अधिकाऱ्यांना आणि लोकप्रतिनिधींना एकच मागणे आहे. प्रत्येक गावाच्या हद्दीत पूर्ण झालेली कामे, उरलेली कामे, दोषदायित्वाची शेवटची तारीख आणि जबाबदार अभियंत्याच्या कार्यालयाचा दूरध्वनी असा मराठी फलक लावा. त्याला फारसा खर्च येत नाही. तो लावायला संकोच वाटत असेल तर तो का वाटतो, हेही लोकांना कळू द्या.

वेळापत्रक

या आठवड्यात फेरीची तारीख ठरवा. मे संपायच्या आत यादी आणि ठराव पूर्ण करा. पावसाआधी करायच्या कामांचा अर्ज जूनच्या पहिल्या आठवड्यापूर्वी कार्यालयात पोहोचायला हवा. माहितीचा अर्ज त्याच दिवशी द्या, म्हणजे उत्तर आषाढात येईल आणि गणपतीच्या आधी गावाला आपली खरी स्थिती कळलेली असेल. पाऊस सरल्यावर, दसऱ्याच्या सुमारास दुसरी फेरी काढा आणि पहिल्या यादीतले काय झाले, काय राहिले ते ग्रामसभेत वाचून दाखवा.

हे आवाहन वाचणाऱ्याने दोन कामे करावीत. आपल्या गावच्या सरपंचांना आज फोन करून फेरीचा दिवस विचारावा. आणि महामार्गावर आपल्या ओळखीचे जे दुसरे गाव असेल तिथल्या एका माणसाला हेच सांगावे. एका गावाची यादी फाईलमध्ये दाबून ठेवता येते. पनवेलपासून पत्रादेवीपर्यंत ओळीने प्रत्येक गावाची यादी, त्यावर ग्रामसभेचा शिक्का आणि कार्यालयाची पोच असेल, तर पूर्णत्वाच्या कागदावर सही करणाऱ्याला ती वाचूनच सही करावी लागेल.

आपली,
महामार्गालगतची गावकरी मंडळी